ओसाकाहून आलेली गादी

६ जानेवारी २०२५, अजमान

नोकरीचा पहिला दिवस झकास गेला! लग्नानंतरची सगळी वर्षं रुवैसच्या कंपनी क्वार्टर्समध्ये नवऱ्याचा डबा भरण्यात गेली. आता केयाच्या शाळेसाठी आम्ही मायलेकी अजमानला आलो आणि आल्या आल्या मला काम मिळालं. सुदेश तिकडे रिफायनरीतच राहणार, सुट्टीला येऊन-जाऊन असणार. ही वही त्यानेच दिली. म्हणाला, दिवसभर काय केलंस ते हिच्यात लिही, म्हणजे मला फोनवर तासभर ऐकावं लागणार नाही. आगाऊ कुठचा.

ऑफिस अल क्वोजमध्ये आहे. एका बाजूला गाड्यांचं गॅरेज, दुसऱ्या बाजूला दिवसभर किंचाळणारं मार्बल कापायचं यंत्र, मध्ये आमचं गोदाम. आत पाऊल टाकलं की मात्र जपान! आमची कंपनी इथे आखातातल्या भारतीय कुटुंबांना ओसाकाला फिरायला पाठवते. तिथल्या हॉटेलांच्या खोल्या काड्यापेटीएवढ्या असतात हे आपल्या लोकांना तिथे पोचल्यावर कळतं आणि मग विमानतळापासून भांडणं सुरू होतात. म्हणून मालक रोशनभाईंनी गोदामात तीन खोल्या जशाच्या तशा उभ्या केल्या आहेत. पहिली साध्या बिझनेस हॉटेलची. दुसरी स्वयंपाकाची सोय असलेल्या छोट्या फ्लॅटची. तिसरी जुन्या जपानी सरायची, म्हणजे खाली गवताच्या जाड चटया आणि त्यांवर गादी. ही तिसरी तर नक्कलसुद्धा नाही. ओसाकातली एक सराय अर्धी पाडली तेव्हा तिथलीच एक खोली चटया-गादीसकट कंटेनरमध्ये घालून आणली. उरलेली सराय अजून चालू आहे आणि तिचं बुकिंग आमच्याकडेच आहे. लोकांनी आपल्या बॅगा घेऊन यायचं, खोलीत त्या उघडून बघायच्या, अर्धा तास आडवं व्हायचं आणि मग कुठे राहायचं ते ठरवायचं. मी सल्ला द्यायचा आणि खोल्या स्वच्छ आहेत की नाही ते बघायचं.

मुलाखतीत त्यांनी विचारलं होतं की तुमच्यात विशेष काय. मी म्हटलं, माझं नाक. हॉटेलात गेले की मी आधी उशी हुंगते, मग नवऱ्याला बसू देते. दुसऱ्याचा केस दिसला की माझं जेवण संपलं. रोशनभाई हसले आणि त्यांनी मला तिथल्या तिथे ठेवून घेतलं. वर मार्चच्या सुट्टीत मला आणि केयाला कंपनीतर्फे ओसाका! केया घरभर नाचली. तिने इंग्लिशमध्ये जाहीर करून टाकलं की ती फक्त जमिनीवरच्या गादीवरच झोपणार.

१० जानेवारी

कामात रुळले. ज्यांना खरेदी करायची आहे त्यांना मी ओसाकाच्या नांबा भागात उतरा म्हणते. रोज ट्रेनने क्योतो-नारा हुंदडणाऱ्यांना उमेदा. सासू-सासरे बरोबर असतील तर स्टेशनला खेटून आणि लिफ्ट असलेलं. वरण-भाताशिवाय ज्यांचं पान हलत नाही त्यांना दुसरी खोली, कुकर घेऊन जा म्हणावं.

आज शारजाहून हळबे मंडळी आली होती. हळबेकाकांनी पहिल्या खोलीत एक बॅग उघडली तर दार लागेना, दार लावलं तर काकूंना बाथरूममधून बाहेर येता येईना. मुलगा शौर्य सगळ्याचा व्हिडिओ काढत होता. मी हसू दाबून त्यांना तिसऱ्या खोलीत नेलं. तिथे तिघेही आडवे झाले आणि दोन मिनिटांत घोरायला लागले. अर्ध्या तासाने बाहेर आले तेव्हा चेहरे असे शांत, जसं काही कुणी त्यांना न्हाऊ-माखू घातलंय. भांडण नाही की चर्चा नाही, तिसरीच हवी म्हणाले. रिसेप्शनवरची कुबरा, मूळची हैदराबादची, मला म्हणाली की सगळे शेवटी तिसरीच घेतात, तुमचा सल्ला नुसता शोभेचा.

१५ जानेवारी

तिसरी खोली मला आवडते ती तिच्या स्वच्छतेसाठी. पहिल्या दोन खोल्यांत लोक झोपून गेले की उशीवर केस, चादरीवर कोंडा, बाथरूमच्या जाळीत तर बघवत नाही असं काहीबाही. तिसरीत काही म्हणजे काही नसतं. काल एक आजोबा येऊन गेले. त्यांच्या टाचा भेगाळून सालपटं निघालेली. ते उठल्यावर मी नाक मुरडत झाडू घेऊन गेले, तर चटई लख्ख!

आज मात्र माझ्याकडूनच एक गबाळेपणा झाला. महिन्याच्या पैशांवर ऑफिसला नेणारा कारलिफ्टवाला पहाटेच हॉर्न मारायला लागतो, त्यामुळे मी वेणी ऑफिसात येऊन घालते, आणि चांगला आरसा आहे तो तिसऱ्या खोलीत. केस विंचरले, गुंतवळ बोटाभोवती गुंडाळली, तिच्यावर थुंकले. ही आईची शिकवण. नुसती टाकली तर कुणी तिच्यावर करणी करतं म्हणे. माझा विश्वास नाही, पण हात आणि तोंड आपोआप ते करतात. टाकायला टोपली दिसेना, तेवढ्यात गिऱ्हाईक आलं, म्हणून ती दोन चटयांच्या फटीत खोचून ठेवली. नंतर जाऊन बघते तर नाही. कुबराने उचलली असावी या विचाराने मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिला विचारलं तर ती म्हणाली, "भाभी, मैं उस कमरे में जातीच नहीं. पाँव चिपकते वहाँ. खलास."

२३ जानेवारी

तिसऱ्या खोलीत वास येतोय. सुरुवातीला वाटलं एसीचा असेल. पण नाही, मी हा वास ओळखते. घड्याळाचा पट्टा काढल्यावर मनगटाला येतो तो. झोपलेल्या माणसाच्या उशीला, न धुतलेल्या टाळूला येतो तो. गोडसर, कोमट, अंगाचा. गवताला अंगाचा वास कसा येईल? चटईवर हात ठेवला तर दमट लागली आणि तळव्याला चिकटून किंचित वर उचलली गेली. मी साबणाने तीनदा हात धुतले, तरी चहा घशाखाली उतरला नाही.

रोशनभाई ओसाकाला गेलेत. फोनवर म्हणाले, ओसाकाची हवाच दमट, ती चटयांत मुरलीय, काळजी करू नका.

२८ जानेवारी

डिसेंबरात सरायमध्ये राहून आलेलं एक कुटुंब आज मिठाई घेऊन आलं. खूष होते, उन्हाळ्यासाठी परत तीच जागा हवी म्हणाले. त्या बाईंनी माझा हात हातात घेतला. वापरून वापरून गुळगुळीत झालेल्या साबणाच्या वडीसारखा हात! रेषा नाहीत, लव नाही, नखं एवढीएवढीशी. भुवया पेन्सिलीने काढलेल्या. नवऱ्याच्याही. पेढा मी रुमालात गुंडाळून बाहेर टाकून दिला.

गादीतही गाठी झाल्यात. कुणी झोपलं की त्या सरकतात. मला गाठी झालेली गादी बघवत नाही. आमच्याकडे दर दोन वर्षांनी गादी उसवून कापूस पिंजून घ्यायचे आणि तिला कडक ऊन दाखवायचे. हीसुद्धा घरी नेते. ऊन दाखवते, उसवते, कापूस मोकळा करते, परत शिवते. रोशनभाई यायच्या आत नव्यासारखी करून आणीन. सुदेश शुक्रवारी गाडी घेऊन येतोच आहे.

१ फेब्रुवारी

सुदेशने काल गादी खांद्यावरून वर आणली आणि म्हणाला, हिच्यात माणूस भरलाय की काय. सकाळी बाल्कनीत पसरली. ऊन छान पडलं होतं. ती तापायला लागली तसं खालून पाणी सुटलं. पाणी कसलं, घामच. फरशीवर पिवळट ओघळ आले.

मी फडकं आणायला आत गेले, तेवढ्यात केया पुस्तक घेऊन गादीवर आडवी झाली आणि झोपून गेली. मी हाका मारल्या, हलवलं, उठेना. उचलायला गेले तर गाल गादीला चिकटलेला. मी ओढला. ओल्या जखमेवरची पट्टी ओढावी तसा आवाज करत तो सुटला. गाल लालभडक, ओला, आणि त्यावरची लव साफ. मी किंचाळत होते आणि ही पोर डोळे चोळत हसत होती. "इट वॉज सो वॉर्म, आई." ती म्हणाली की ओसाकाला आपण अशाच गादीवर झोपायचं.

तिला गरम पाण्याने घासून आंघोळ घातली. गाल ठीक आहे. ती ठीक आहे.

२ फेब्रुवारी

लिहितानाही उमासे येताहेत. आज गादी उसवली.

कापूस नव्हताच. केस होते. थरावर थर, जटा झालेले, काळे, पांढरे, लहान मुलांचे भुरे. त्यांत नखांच्या कोरी. टाचांच्या सालपटांचा भुगा, तांदळाच्या कण्यांसारखा. सगळं चिकट लाळेत कणकेसारखं मळलेलं, आणि कोमट. मधे कुठे कुठे दुधाचे दात. गाठी म्हणजे याच सगळ्याचे गोळे, आणि माझ्या डोळ्यांसमोर त्यांतला एक हळूच कुशीवर वळला.

सगळ्यात वर माझी गुंतवळ. मेंदी लावलेले माझे केस आणि बोटाभोवतीची ती गुंडाळी मी कुठेही ओळखीन. इतके दिवस झाले तरी माझी थुंकी तिच्यावर ओलीच होती.

सुदेश बेसिनवर ओकला. मग दोघांनी तोंडाला फडकी बांधून ते सगळं पिशव्यांत भरलं आणि खाली कचऱ्याच्या मोठ्या डब्यात टाकलं. तो म्हणतोय की स्वस्तातलं भरताड आहे, कुठल्या तरी न्हाव्याच्या दुकानातून आलेलं, कंपनीवर तक्रार कर. जेवून तो रुवैसला गेला.

एक गोष्ट मी त्याला सांगितली नाही. पहिल्यांदा शिवण उसवली, वास भपकन अंगावर आला, आणि माझ्या तोंडाला पाणी सुटलं. लाज वाटते. शी, स्वतःचीच शिसारी येते.

६ फेब्रुवारी

रोशनभाईंना स्पष्ट सांगितलं की गादी फेकली आणि मी काम सोडते. ते चिडले नाहीत. समोर बसवून त्यांनी मला विचारलं, तुम्ही त्या खोलीला काही दिलंत का, आपल्या हाताने? मी म्हटलं, काही नाही. ते माझ्या वेणीकडे बघत राहिले. म्हणाले, पाहुणे नुसतं सांडतात, ते ती वेचून खाते, तिचं भागतं. वर्षानुवर्षं तिकडेही तसंच चाललंय. पण अजून कुणी तिला स्वतःच्या तोंडाची लाळ लावून घास भरवला नव्हता. भरवणाऱ्याला ती सोडत नाही.

त्यांच्या टेबलावरच्या हातांना एकही नख नव्हतं. मी उठले. दारात ते म्हणाले की आता तिला या गोदामाची गरज उरली नाही, तिने राहायला चांगली जागा निवडलीय.

म्हणजे आमचं घर. मी ओळखलं. केयाची गादी! त्या दिवशी आंघोळीआधी पोर तशाच अंगाने जाऊन तिच्यावर लोळली होती. येतानाच फोन करून बिल्डिंगच्या माणसाला वर बोलावलं आणि गादी, उशी, पांघरूण, सगळं फेकून दिलं. आता केया माझ्याजवळ झोपेल. माझ्या कुशीत तिला कोण हात लावतंय ते बघते.

९ फेब्रुवारी

केयाची उजवी भुवई विरळ झालीय. तिला मी आणखी घट्ट धरून झोपते. ती म्हणते, आई, तुझ्याजवळ किती छान ऊब येते.

घर दोनदा पुसलं. एक केस मिळत नाही. कंगव्यातसुद्धा नाही. किळस येते मला आता या स्वच्छतेची.

१२ फेब्रुवारी

फोन माझा अंगठा ओळखत नाही. पुसून पुसून बघितलं. अंगठ्यावर रेषाच नाहीत. त्यांच्या जागी बारीक आडव्या-उभ्या काड्या, विणल्यासारख्या. तळवे सारखे दमट.

बाधा आम्हा दोघींना झालीय. माझं काय व्हायचं ते होवो, पोरीला वाचवायचंय. मला ओसाका नको, हे घर नको, काही नको. त्या खोलीतली ती या घरातच आहे. सुदेशकडे जायचं. रुवैसला. तिथे काही पोचणार नाही.

१४ फेब्रुवारी, रुवैस

आलो. एक कपडा बरोबर घेतला नाही. टॅक्सीत केया सगळा वेळ माझ्या खांद्यावर. उठवलं तेव्हा तिच्या कानामागचे केस— एवढी मोठी जागा, गुळगुळीत.

सुदेश घाबरलाय. त्याने तिची डॉक्टरची वेळ घेतली आणि कामावर गेला. मी त्याला सांगितलं की सगळं अजमानलाच राहिलंय. इथली गादी हुंगली. चादर, उशा, सोफा, सगळं हुंगलं. वास नाही. मग बसले आणि वास आला. उठून दुसऱ्या खोलीत गेले, तिथेही आला. बाथरूममध्ये गेले. साबण लावला, डेटॉल ओतलं, अंग घासून घासून लाल—

वास मला येतोय. माझ्या काखेतून, पोटातून, तोंडातून.

त्या रोशनभाईने सांगितलं होतं. चांगली जागा निवडलीय म्हणाला होता. आणि मी मूर्ख पोरीला कुशीत घेऊन—

१५ फेब्रुवारी

सुदेशला सांगायला तोंड उघडलं. जीभ टाळूला चिकटली. लाळ, नुसती लाळ. तो म्हणाला, तू झोप जरा. शिफ्टला गेला.

केयाला दुसऱ्या खोलीत घातलं आणि बाहेरून कडी लावली. ती रडतेय. आई, आय वाँट टू स्लीप ऑन यू. सारखं तेच. मी कान बंद करून बसलेय. तिच्या केसांचा वास दाराखालून येतो.

भूक लागलीय. भात खाल्ला, ओकला. भाताची भूक नाही ही.

शी. शी. शी.

१५, दुपार

कडी मी काढली नाही. काढली नव्हती. ती मांडीवर कशी— झोपलीय. गाल माझ्या पोटावर. खाली ओढ लागलीय, आत, तिचे केस एकेक करून आत येताना कळताहेत. सोडवायला गेले तर ती झोपेतच कळवळली. सुटत नाही. सुटत नाही आणि मला—

सुदेश, लवकर ये. मला बोलता येत नाही म्हणून लिहितेय. आलास की कातर घे. माझी कातडी काप, तिची नको, माझी. मी ओरडले तरी थांबू नकोस. मी गोड बोलले तर मुळीच— आणि पुन्हा तिला कधी माझ्याजवळ, मी कितीही रडले तरी, कितीही आई—

कान गेला. कान अर्धा गेला. देवा, किळस यायला हवी होती. यायला हवी होती ना. येत नाहीये.

किती गोड आहेस गं तू. झोप. झोप बाळा, मी आहे ना, मी आहे, थोडंसंच, अजून थोडं—